लंडनमधल्या बांगला मंडळींत मिसळायचं असेल तर आधी 'बाडी कोथाय' विचारायला शिका

इलफर्डला राहायला येऊन मला आठ वर्षं झाली, आणि दरवर्षी पुण्या-मुंबईहून नवीन आलेलं कोणी ना कोणी मला विचारतंच की ब्रिक लेनला चांगलं बंगाली जेवण कुठे मिळतं. मी दरवर्षी तेच सांगते. ब्रिक लेनच्या पाटी लावलेल्या हॉटेलात जाऊन बाल्टी करी नि विंदालू खाल्लंत तर तुम्ही बंगाली जेवलात असं होत नाही. तो विंदालू मूळचा आपल्या गोव्याचा, शिजवणारा बांगलादेशातल्या सिल्हेटचा, पाटी 'इंडियन' आणि चव इंग्रजांच्या बियरसोबत खपेल अशी. घरी विचाराल तर तो स्वैपाकीबुवा स्वतः भात, सुकट नि डाळ खातो.

तर हे सगळं मी जे शिकले ते लिहून काढतेय, कारण मी बर्‍याच चुका करून शिकलेय आणि तुम्ही त्या परत करायचं काही कारण नाही. मी पूर्व लंडनचंच सांगतेय कारण मला तेवढंच नीट माहितीये. न्यूयॉर्कचं जॅक्सन हाइट्स, मिशिगनमधलं हॅमट्रॅमक, रोममधलं तोरपिन्यातारा, सगळीकडे बांगलादेशी वस्त्या आहेत पण तिथल्या तर्‍हा वेगळ्या.

कोण कुठला ते आधी

सगळ्यात पहिली चूक म्हणजे 'बंगाली' या एका शब्दात सगळ्यांना कोंबणं. इथे निदान तीन-चार वेगळ्या दुनिया आहेत आणि त्या एकमेकांत जेवढ्या मिसळतील असं आपल्याला वाटतं तेवढ्या मिसळत नाहीत.

पूर्व लंडनमधले बहुतेक लोक सिल्हेटचे. का, तर ब्रिटिश काळात कलकत्त्याहून निघणार्‍या आगबोटींच्या इंजिनरूममध्ये कोळसा टाकायला जे खलाशी घ्यायचे त्यात सिल्हेटी खूप होते, सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, आपल्याच गावातली पोरं भरती करायचा, आणि लंडनच्या गोदीत बोट लागली की त्यातले काही जण उतरून परत चढायचेच नाहीत. सारंग हा शब्द आपल्या कोकणातही चालतो, त्यामुळे मला हे सगळं लगेच ओळखीचं वाटलं. मग १९६२ च्या कायद्याने नोकरीचं व्हाउचर असल्याशिवाय येणं बंद झालं, तेव्हा आधीपासून असलेल्यांनी भाऊ, पुतणे, शेजारी असे ओळखीनेच बोलावले आणि पुढे सत्तर-ऐंशीच्या दशकात बायकामुलं आली. म्हणून अख्खी वस्ती चार-पाच उपजिल्ह्यांची आहे, बियानीबाजार, विश्वनाथ, जगन्नाथपूर, गोलापगंज, मौलवीबाजार हीच नावं फिरून फिरून ऐकू येतात. तिकडे सिल्हेटमध्ये अशा घरांना 'लंडनी' म्हणतात. गावात बंद पडलेला तीन मजली बंगला दिसला की तो लंडनी लोकांचा, असं समजायचं. रत्नागिरीत मुंबईकरांची कुलूपबंद घरं असतात ना, तसंच.

२०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्स मिळून साधारण ६ लाख ४५ हजार बांगलादेशी लोक मोजले गेले, त्यातले १ लाख ७ हजार एकट्या टॉवर हॅम्लेट्स या पूर्व लंडनच्या पालिकेच्या हद्दीत, म्हणजे तिथल्या दर तिघांतला एक.

दुसरी दुनिया ढाक्याच्या लोकांची, शिकायला नाहीतर नोकरीला आलेले, प्रमाण बांगला बोलणारे. तिसरी कोलकात्याची, डॉक्टर आणि आयटीवाले, ते हॅरो, ईलिंग, हाउन्स्लो असे पश्चिमेकडे पसरलेले, दुर्गापूजा वगैरे जी तुम्ही फोटोत बघता ती बरीचशी त्यांची. आणि चौथी मजेशीर, इटलीत वीस वर्षं काढून तिकडचा पासपोर्ट घेऊन ब्रेक्झिटच्या आधी इकडे आलेले बांगलादेशी. त्यांची पोरं आपसात इटालियन बोलतात, माझ्या मुलाच्या वर्गात असा एक आहे, त्याला सिल्हेटी येत नाही म्हणून बाकीची बांगला पोरं त्याला पास्ता म्हणतात.

तो एक प्रश्न

आता मुद्द्याचं. ओळख झाली की 'व्हेअर आर यू फ्रॉम' विचारायचं नाही. इथे जन्मलेल्या माणसाला तो प्रश्न आयुष्यभर चुकीच्या लोकांनी चुकीच्या सुरात विचारलेला असतो. त्याऐवजी विचारायचं, "आपनार बाडी कोथाय?" समोरचा सिल्हेटी असेल आणि तुम्हाला जमत असेल तर "आफनार बाडी खय?"

यात गंमत अशी की त्यांच्याकडे घराला दोन शब्द आहेत. 'बाशा' म्हणजे सध्या राहतो ती जागा, भाड्याची असो वा स्वतःची. 'बाडी' म्हणजे गावचं घर, आजोबांचं, तळं असलेलं, सुपारीची झाडं असलेलं. त्यामुळे बाडी विचारली की माणूस फ्लॅटचा पत्ता सांगत नाही, गाव सांगतो. आपलं 'गाव कोणतं तुमचं?' अगदी तस्संच, मुंबईत तीन पिढ्या काढलेला माणूससुद्धा त्यावर 'सावंतवाडी' म्हणतो. माझ्या खालच्या मजल्यावरच्या खालाला (खाला म्हणजे मावशी) मी पहिली तीन वर्षं नुसतं हाय-हॅलो करत होते, ज्या दिवशी लिफ्टमध्ये बाडी विचारली त्या दिवशी लिफ्टचं दार दोनदा उघडून बंद झालं, तिचं सांगणं संपेना. आता मी तिच्याकडे आठवड्यातून दोनदा तरी असते.

आणि तुमचं गाव पण सांगायची तयारी ठेवा, हा प्रश्न उलटून येतोच. 'मुंबई' म्हटलं तर शाहरुख खानवर गाडी जाते. खरं गाव सांगा, नदी आहे का, मासे कोणते मिळतात हे सांगा, मग बघा.

चार शब्द भाषेचे

मराठी माणसाला बांगला वाटतं तेवढं अवघड नाही. 'अ'चा थोडा 'ओ' करायचा, 'व'चा 'ब' करायचा, 'स' शक्यतो 'श' म्हणायचा, अर्धं काम झालं. शिवाय काही शब्द तर आपलेच आहेत, राग म्हणजे रागच, दुपुर म्हणजे दुपार, भात म्हणजे भात. पण 'चूल' म्हणजे केस बरं का. मी एकदा "चूल साफ करतेय" म्हणाले तर खाला माझ्या डोक्याकडे बघायला लागली.

निघताना आपण 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो ना, बंगाली पण तेच करतात, "आशि" म्हणजे येते. हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला दारातच भरून आलं होतं, इंग्लंडमध्ये 'बाय' ऐकून ऐकून कान किटलेले होते.

सिल्हेटी मात्र वेगळी. 'प'चा 'फ' होतो, पाणी म्हणजे 'फानी'. कशी आहेस म्हणजे "बाला नि?", त्यावर "बाला". 'काय' ला 'किता', जे कोंकणीतल्या 'कितें'ला इतकं जवळ आहे की आमच्या मडगावच्या मैत्रिणीला ते पहिल्याच दिवशी जमलं. सिल्हेटीला बोलीभाषा म्हणायचं की स्वतंत्र भाषा यावर त्यांच्यातच वाद आहे, तिची स्वतःची 'सिल्हेटी नागरी' लिपी पण होती, आपण त्या वादात पडू नये. फक्त 'हे अशुद्ध बंगाली आहे ना?' असं चुकूनही म्हणू नका, कोलकात्याच्या मंडळींनी ते आधीच बरंच म्हणून ठेवलंय.

हाका मारायच्या त्या धर्मानुसार बदलतात, हे लक्षात ठेवा. मुसलमान घरात बहिणीला आपा किंवा आफा, मावशीला खाला, आत्याला फुफू, पाण्याला पानी. हिंदू घरात दीदी, माशी, पिशी, जोल. भाऊ म्हणजे एकीकडे भाई, दुसरीकडे दादा. नावावरून अंदाज येतो, नाही आला तर समोरचे एकमेकांना काय म्हणतात ते दोन मिनिटं ऐका आणि तेच म्हणा. नुसत्या नावाने मोठ्या माणसाला हाक मारायची नाही, ऑफिसात चालतं, घरात नाही.

फेब्रुवारीत एक रात्र जागा

मला कोणी विचारलं की एकच गोष्ट करायची तर कोणती, तर मी मेळाही सांगणार नाही आणि पूजाही नाही. २० फेब्रुवारीच्या रात्री साडेअकराला ऑल्डगेट ईस्ट स्टेशनला उतरा आणि आल्ताब अली पार्कमध्ये जा.

थोडं मागचं सांगते, नाहीतर तिथे उभं राहून काही कळणार नाही. १९४८ मध्ये जिनांनी ढाक्यात येऊन जाहीर केलं की पाकिस्तानची राष्ट्रभाषा उर्दू आणि फक्त उर्दू. १९५२ च्या २१ फेब्रुवारीला ढाक्यात विद्यार्थ्यांनी जमावबंदी मोडून मोर्चा काढला आणि पोलिसांनी गोळ्या घातल्या. रफिक, बरकत, जब्बार, सलाम ही नावं तिकडे शाळेतल्या पोरांना पाठ असतात. भाषेपायी माणसं गेली म्हटल्यावर आपल्याला हुतात्मा चौक आठवतोच, मला तरी आठवला. १९९९ मध्ये युनेस्कोने हाच दिवस आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन केला, आणि ती कल्पना ढाक्यातून नाही, कॅनडात व्हँकुव्हरला राहणार्‍या दोन बांगलादेशी गृहस्थांनी मांडली होती. परदेशात गेलेल्या माणसाला भाषेचं जास्त लागतं, हे मला तरी पटतं.

आणि पार्कचं नाव. आल्ताब अली हा चोविसेक वर्षांचा कपड्यांच्या कारखान्यात काम करणारा पोरगा, ४ मे १९७८ ला कामावरून घरी जाताना याच पार्कशेजारी वंशद्वेषातून त्याचा खून झाला. दहा दिवसांनी साधारण सात हजार लोक त्याची शवपेटी घेऊन डाउनिंग स्ट्रीटपर्यंत चालत गेले. तोवर इथले बांगला लोक मान खाली घालून राहायचे, त्यानंतर नाही, असं म्हातारे सांगतात. पार्कला त्याचं नाव १९९८ मध्ये दिलं. त्याआधी इथे सेंट मेरीचं चर्च होतं, ज्या पांढर्‍या चॅपलवरून व्हाइटचॅपल हे नाव पडलं तेच, दुसर्‍या महायुद्धात बॉम्ब पडून गेलं. आता त्या जागेवर ढाक्याच्या शहीद मिनारची, म्हणजे भाषेच्या हुतात्म्यांच्या स्मारकाची, छोटी प्रतिकृती आहे, मधला खांब वाकलेला, आई मुलांवर झुकावी तसा, मागे लाल गोळा.

बरोबर बाराच्या ठोक्यानंतर फुलं वाहायला सुरुवात होते. आधी मेयर आणि हाय कमिशनची मंडळी, मग एकेक संघटना, राजकीय पक्षांच्या शाखा, गावांच्या असोसिएशन, त्यांची नावं माइकवरून पुकारतात आणि इथे धक्काबुक्की होते, बॅनर पुढे-मागे होतात, कोणाचं नाव आधी यावर आवाज चढतात. दचकू नका. आपल्याकडे गणपती विसर्जनात मंडळांचा नंबर लावताना जे होतं तेच. तुम्ही कुठल्याच रांगेत घुसू नका, गेटजवळून एक साधं पांढरं फूल घेऊन बाजूला थांबा, मोठे हार संपले की घरगुती माणसं जातात, त्यांच्यात जा. वेदीवर चढताना बरेच जण बूट काढतात, तुम्हीही काढा. म्हणून सांगते, जाड मोजे घाला आणि एक जोड पिशवीत ठेवा. मी पहिल्या वर्षी पातळ मोज्यांवर गेले, पाऊस पडून गेलेला, फरशी ओली, पाय इतके गार पडले की परतीच्या बसमध्ये मला बोटं हलवता येत नव्हती. शेजारी एक आजोबा अनवाणी उभे होते, त्यांच्या पायावर निळ्या शिरा दिसत होत्या, आणि सगळे एकुशेचं, म्हणजे एकवीस तारखेचं, गाणं म्हणत होते, हळू, टाळ्या नाहीत, काही नाही. ते गाणं ज्यांनी लिहिलं ते अब्दुल गफ्फार चौधुरी कित्येक वर्षं लंडनमध्येच राहायचे, २०२२ मध्ये इथेच गेले.

परत येताना ट्यूब मिळत नाही, २५ नंबरची बस रात्रभर असते, तिने इलफर्डपर्यंत येता येतं. काळे-पांढरे कपडे घालायचे, आणि सेल्फी शक्यतो नको, तिथले तरुण काढतात तो त्यांचा प्रश्न.

मासे घ्यायला

व्हाइटचॅपल स्टेशनवर उतरलात की इंग्लिशच्या बरोबरीने बांगला लिपीतली पाटी दिसेल, ती २०२२ पासून आहे. समोरच बाजार, पुढे चालत ब्रिक लेनकडे. ताज स्टोअर्स हे तिथलं जुनं दुकान, १९३६ चं. पण मासे घ्यायला मी कुठल्याही एका दुकानाचं नाव सांगत नाही, दोन-तीन फिरून बघा.

मासे बहुतेक गोठवलेलेच असतात, रुई, बोआल, आइड, पाबदा, छोटे केसकी. अख्खा मासा निवडायचा आणि मग काउंटरवरचा मुलगा तो लाकूड कापायच्या करवतीसारख्या इलेक्ट्रिक मशीनवर कापतो, बर्फाचा भुगा उडतो, आवाज तर विचारू नका. तो विचारेल केवढे तुकडे, त्याला बोटाने जाडी दाखवा, आणि डोकं टाकून देऊ नका, ते डाळीत घालतात. इलिश म्हणजे हिलसा घेणार असाल तर दोन गोष्टी बघा. वजन एक किलोच्या वर असेल तरच चव, आणि भावही तिथून चढतो. दुसरं, कुठला आहे ते पाकिटावर वाचा. बांगलादेशाने २०१२ पासून निर्यातीवर बंदी घातलीये, मधूनमधून सूट देतात, त्यामुळे परदेशात मिळणारा बराचसा म्यानमारचा असतो. दुकानदार 'पद्मा, पद्मा' म्हणेल, म्हणजे बांगलादेशातल्या पद्मा नदीचा, हसायचं आणि घ्यायचा.

इलिश हाताने खायचा. काट्या-चमच्याने प्रयत्न करू नका, काटे इतके बारीक असतात की जिभेने आणि बोटांनीच कळतात. आपण मासे खाणारे म्हणून मी फुशारकीने पटापट खायला गेले आणि खालाने न बोलता भाताचा सुका गोळा माझ्या हातात दिला, गिळायला.

मोहरीचं तेल घ्याल तर बाटलीवर 'फक्त बाहेरून लावण्यासाठी' असं छापलेलं असतं, तो इकडचा नियम आहे, आणि त्याच दुकानात ते तेल लोणच्याच्या शेल्फवर ठेवलेलं असतं. तुम्ही काय करायचं ते तुम्ही ठरवा, खाला काय करते ते मी बघितलंय.

शातकरा दिसला तर नक्की घ्या, सिल्हेटी लोक 'हातखरा' म्हणतात, मोठ्या ओबडधोबड लिंबासारखं फळ, त्याची साल मटणात किंवा बीफमध्ये घालतात. कडवट आंबट वास, एक फोड पुरते, मी कोलंबीच्या कालवणात कोकमाऐवजी घालून बघितलं, नवरा दोन दिवस काही बोलला नाही. मटणातच घाला.

घरी बोलावलं तर

बोलावतातच. 'या कधीतरी' हे तोंडदेखलं नसतं. वेळ दुपारी एकची दिली तर दीडला जा, जेवण तीनला होतं. चपला दारात. रिकाम्या हाताने जायचं नाही, मिठाई किंवा फळं न्यायची. मुसलमान घर असेल तर चॉकलेटं, केक, जेली नेताना त्यात जिलेटिन किंवा दारू नाही ना हे बघा. मी एकदा सुपरमार्केटमधून घाईघाईत छानसा डबा उचलला, तो नेमका रम भरलेल्या चॉकलेटांचा निघाला, तेही ईदच्या दिवशी! खालाच्या मुलीने मागचं लेबल वाचलं, काही न बोलता डबा फ्रिजवर ठेवला आणि जाताना माझ्या पिशवीत परत घातला. त्यापेक्षा केळी बरी.

ताटात वाढणं थांबत नाही. पहिल्या वेळेला 'पुरे' म्हणालात तर ते धरलं जात नाही, हे आपल्यालाही माहितीये, त्यामुळे पहिल्यांदा थोडंच घ्या. जेवणानंतर पानाचं तबक येतं, सिल्हेटीत 'फान-गुया'. सुपारी ओली असेल तर जपून, माझं डोकं गरगरलं होतं. नको असेल तर सुपारीचा एक तुकडा उचलून हातात धरा, तबकाला हात लागला म्हणजे झालं.

रमजानमध्ये बोलावलं तर सूर्यास्ताच्या पंधरा-वीस मिनिटं आधी पोचा, उशीर अजिबात चालत नाही. खजूर, छोला, पियाजू, बेगुनी, जिलापी, आणि सिल्हेटी घरात पातळ खिचडी हमखास, दिवसभराच्या उपाशी पोटाला ती बरी पडते. अजान होईपर्यंत कशालाही हात लावू नका, लहान मुलं सोबत असतील तर त्यांना घरून खाऊ घालून न्या.

बैशाखी आणि पूजा

हे थोडक्यात, कारण याची माहिती सगळीकडे मिळते. पोहेला बैशाख, म्हणजे बंगाली नववर्ष, बांगलादेशात १४ एप्रिलला असतो, पश्चिम बंगालमध्ये बहुतेकदा १५ ला, पण लंडनचा मोठा बैशाखी मेळा इथलं हवामान बघून उशिरा, उन्हाळ्याच्या सुमाराला घेतात, जागाही बदलत आलीये, म्हणून जायच्या आधी कौन्सिलची घोषणा बघा. लाल-पांढरी साडी असेल तर नेसा. फुचका खाताना 'आमच्याकडे याला पाणीपुरी म्हणतात' हे एकदाच म्हणा. नोव्हेंबरमध्ये टॉवर हॅम्लेट्सचा बांगला नाटकांचा महोत्सव असतो, नाटकवेडे असाल तर तो चुकवू नका, मला तर मेळ्यापेक्षा तो आवडतो, इथल्या पोरांनी लिहिलेली नाटकं असतात, अर्धी इंग्लिश अर्धी सिल्हेटी.

दुर्गापूजेला कुठेही गेलात तरी चालतं, कॅम्डनची पूजा १९६० च्या दशकापासूनची आहे. मूर्ती कोलकात्याच्या कुमारटुलीहून बोटीने मागवतात, बर्‍याच मंडळांत ती दरवर्षी विसर्जन न करता गोदामात ठेवून पुन्हा वापरतात, आपल्या परदेशातल्या गणपतींसारखंच. अष्टमीला सकाळी उपाशीपोटी अंजली द्यायची, मग भोगाची खिचडी आणि लाब्रा. आपल्याकडून जाणार्‍यांना एकच धक्का बसतो, आपण नवरात्राचे उपास धरून जातो आणि मंडपाबाहेर मटण रोल आणि फिश फ्रायच्या रांगा असतात. दुर्गा म्हणजे माहेरी आलेली मुलगी, तिला काय वरईचा भात घालणार का, असं मला एका काकूंनी ऐकवलं.

तिथेच कधीतरी तुम्हाला कोणी हसत 'बर्गी!' म्हणेल. १७४१ ते १७५१ नागपूरकर भोसल्यांच्या फौजा चौथाईसाठी बंगालवर चालून जात होत्या, त्यांची लूटमार तिकडे अजून अंगाईत आहे, बाळ झोपलं, वस्ती शांत झाली, बर्गी आले देशात, आता शेतसारा कशाने भरू, असा तिचा अर्थ. बर्गी म्हणजे आपले बारगीर. ढाका असो, कोलकाता असो, ही अंगाई सगळ्यांना येते. शाळेत आपल्याला हे कोणी शिकवलेलं नसतं, त्यामुळे पहिल्यांदा तोंड कसंनुसं होतं. वाद घालू नका, 'चौथाई घ्यायला आलेय, मिष्टी दोईत (गोड दह्यात) द्या' म्हणा, माझं तरी दरवेळी निभावतं.

काय बोलू नये

बांगलादेशाच्या राजकारणावर मत देऊ नका. शेख हसीनांचं सरकार ऑगस्ट २०२४ मध्ये गेलं तेव्हा एकाच इमारतीत एका मजल्यावर मिठाई वाटली जात होती आणि दुसर्‍या मजल्यावर दारं बंद होती. भारतीय म्हणून तुमचं मत काय असणार हे त्यांनी आधीच धरलेलं असतं. ऐकून घ्या.

१९७१ बद्दल 'आम्ही तुम्हाला स्वातंत्र्य मिळवून दिलं' हे वाक्य तर मुळीच नको. त्या वर्षी इथल्या हॉटेलांत राबणार्‍या लोकांनी आठवड्याच्या पगारातून वर्गणी काढली होती, त्यांच्या नातवंडांसमोर आपण हे बोलणं बरं दिसत नाही.

आणि मुंबईत 'बांगलादेशी' हा शब्द आपण ज्या सुरात वापरतो तो सुर इकडे घेऊन येऊ नका. मला स्वतःला ते जाणवायला वेळ लागला. मराठी मंडळींच्या एका जेवणात कोणीतरी तसा विनोद केला, आणि मला एकदम माझ्या खालच्या मजल्यावरचं दार डोळ्यासमोर आलं, मी हसले नाही, वातावरण बिघडलं, बिघडू दे.

डब्याचं

शेवटचं, पण हे न पाळल्यास सगळं फुकट. त्यांच्याकडून भरून आलेला डबा रिकामा परत द्यायचा नाही. मागे गणपतीत मी खालाच्या डब्यातून उकडीचे मोदक पाठवले, तिने उघडले आणि म्हणाली, "ए तो पुली पिठा!" खरंच, त्यांच्याकडे हिवाळ्यात तांदळाच्या पिठाची उकडलेली पुली करतात, आत नारळ आणि गूळ, आकार करंजीसारखा. मग तिने मला तिच्या गावच्या खजुराच्या गुळाबद्दल सांगितलं, मी तिला पाकळ्या कशा काढतात ते दाखवलं, तिच्या पाकळ्या माझ्यापेक्षा बारीक आल्या. सध्या तिचा निळ्या झाकणाचा डबा माझ्या ओट्यावर आहे, त्यातून चिंगडीची, म्हणजे कोलंबीची, मालाई करी आली होती, शनिवारी नारळीभात करून परत पाठवणार आहे, लवंगा कमी घालून, तिच्या नातवाला त्या तिखट लागतात.